सह्याद्रीतली सातेरी: जंगलाच्या फुलोऱ्याप्रमाणे मधमाशी पाळण्याची रीत

महाबळेश्वर, जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यात मध पूर्वीपासून आहे, पण मधमाशी पाळणं त्यामानाने अलीकडचं. आधी ढोली फोडायची, पोळं कापायचं, कपड्यातून पिळायचं, अशी पद्धत होती. त्यात पिल्लं आणि पराग मधाबरोबर चिरडले जायचे आणि मोहोळ बहुतेक वेळा उठून जायचं. स्वातंत्र्याच्या आसपास ग्रामोद्योगाच्या कामातून इथे चौकटींच्या पेट्या आल्या, महाबळेश्वरला मधमाश्यांचा अभ्यास सुरू झाला, आणि 1962 साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. ढोली ओळखणाऱ्या माणसांच्या हातात पेटी आली, तेव्हा त्यांनी आपलं जंगलाचं ज्ञान त्या पेटीत आणलं. इथली मधपाळी म्हणजे हा मिलाफ. 2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं, पुढे कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावालाही ती ओळख मिळाली, ती याच परंपरेच्या जोरावर.

आता पेटी, अनुदान, प्रशिक्षण हे सगळं मिळतं. कमी होत चाललं आहे ते जंगल कधी काय देतं हे सांगणारं डोकं. म्हणून या लेखात पेटीच्या आधी फुलोरा येतो, आणि मधाच्या आधी पाऊस.

आधी माशी ओळखा

आपल्याकडे मध देणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या उंच कड्यावर किंवा मोठ्या झाडाच्या फांदीखाली एकच भलंमोठं पोळं बांधते आणि पेटीत राहत नाही. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं लावते, तीही पेटीत टिकत नाही. पोयाची माशी बारीक, नांगी नसलेली. तिचा मध थोडासाच मिळतो. चौथी सातेरी. ती अंधारात, झाडाच्या ढोलीत, दगडी बांधाच्या पोकळीत, जुन्या वारुळात राहते आणि एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. ही अंधाराची आणि समांतर पोळ्यांची सवय असल्यामुळेच ती पेटीत नांदते.

परदेशी मेलिफेरा माशी दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त मध देते, हे खरं. पण तिला मैलोन्‌मैल एकसारखं पीक लागतं: मोहरी, सूर्यफूल, ओवा. घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस आणि विखुरलेला फुलोरा तिला मानवत नाही. शिवाय वरोआ हा कोळीवर्गीय परजीवी मुळात सातेरीच्याच कुळातल्या माश्यांवरचा. हजारो वर्षांच्या सहवासात सातेरी त्याला अंगावरून काढून टाकायला शिकली आहे. मेलिफेरा त्याने कोलमडते आणि औषधावर जगते. माझं मत स्पष्ट आहे: घाटमाथ्याच्या गावात सातेरीच पाळावी. एका पेटीतून चांगल्या वर्षी पाच-सात किलो मध आला तर समाधान मानावं. फार मिळवायचं असेल तर पेट्या हळूहळू वाढवाव्यात, माशी बदलू नये.

एक वर्ष फुलोऱ्याची वही

पेटी घेण्याआधी शक्य असेल तर पूर्ण एक वर्ष ही वही ठेवा. गावाभोवती दीड-दोन किलोमीटरच्या परिघात काय फुलतं, केव्हा फुलतं आणि त्यावर माशी बसते का, एवढंच लिहायचं. माशीच्या मागच्या पायांवर रंगीत गोळी दिसली तर ती पराग नेते आहे. तिने सोंड फुलात खुपसली असेल आणि पायावर काही नसेल तर मकरंद. हा फरक वहीत हवा, कारण परागावर पिल्लं वाढतात आणि मकरंदाचा मध होतो.

महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाचं गणित साधारण असं बसतं. पाऊस ओसरला की गवताळ सड्यांवरची फुलं आणि शेतातला कारळा माश्यांना उभं करतात. दिवाळीच्या सुमारास पिसा फुलतो. थंडीत स्ट्रॉबेरी आणि परसातली फुलं थोडाफार आधार देतात. मग अंजन, आणि मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ. जांभूळ म्हणजे या भागाचा मुख्य हंगाम. गडद, किंचित तुरट-कडवट चवीचा तो मध ओळखायला सोपा. त्याच्या मागोमाग गेळा आणि हिरडा मे महिन्यापर्यंत चालतात. एकाच डोंगराच्या पूर्व आणि पश्चिम उतारावर जांभूळ आठ-दहा दिवसांच्या अंतराने फुलू शकतं, म्हणून छापील तक्त्यावर विसंबून राहू नका.

कारवीचा हिशेब वेगळा. ती सात-आठ वर्षांतून एकदाच, पावसाच्या शेवटाला फुलते, आणि फुलते तेव्हा अख्खा डोंगर फुलतो. तिचा मध घट्ट आणि गडद. व्हायटी हे झुडूपही असंच वर्षांच्या अंतराने फुलणारं. तुमच्या डोंगरावरची कारवी मागे कधी फुलली होती, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लग्न, पूर, गिरणीचा संप अशा आठवणींवरून ती माणसं वर्ष सांगतात आणि ते बहुतेक बरोबर निघतं. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण त्या वर्षाची तयारी आदल्या वर्षीच करावी लागते.

जागा आणि पेटी

सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा घ्या. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवा. पश्चिमेकडून येणारा पाऊस आणि वारा दारावर येता कामा नये. जवळ स्वच्छ वाहतं किंवा झिरपतं पाणी हवं, नसेल तर पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा. गोठा, रहदारीची वाट आणि रात्रभर जळणारा दिवा यांपासून पेटी लांब असावी.

पेटी मुरलेल्या लाकडाची घ्या, आतून रंग नको. मेणपत्रा, म्हणजे माश्यांनी पोळं बांधावं म्हणून चौकटीत लावायचा घरांचे ठसे असलेला मेणाचा पत्रा, घेताना तो सातेरीच्या मापाचा आहे याची खात्री करा. सातेरीच्या पोळ्यातली घरं मेलिफेरापेक्षा लहान असतात, मोठ्या मापाच्या पत्र्यावर ती वेडंवाकडं पोळं बांधते. चौकटींमधलं अंतरही तिचंच हवं. ते चुकलं तर दोन पोळी एकमेकांना चिकटतात आणि तपासणी करताना फाटतात. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी दुसरा चांगला उपाय नाही.

सुरुवात दोन पेट्यांनी करा. एकच पेटी असेल आणि तिची राणी गेली, तर हातात काही उरत नाही. दोन असतील तर एकीतली अंडी असलेली चौकट दुसरीला देऊन ती वाचवता येते.

वसाहत कशी मिळवायची

सर्वांत चांगली वाट म्हणजे जाणत्या मधपाळाकडून विभाजन केलेली, म्हणजे एका पेटीतून वेगळी काढलेली वसाहत विकत घेणं. दुसरी वाट आमिषपेटीची: जुन्या पोळ्याचं मेण आतून चोळलेली रिकामी पेटी थवे सुटण्याच्या काळात झाडावर किंवा कड्याच्या आडोशाला ठेवायची. तिसरी वाट ढोलीतलं मोहोळ पेटीत आणण्याची. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय हे करू नका. पण घराच्या भिंतीत, पाडायच्या बांधात किंवा तोडायच्या झाडात मोहोळ असेल, तर ते वाचवायला हे कौशल्य लागतंच. म्हणून ते नीट सांगतो.

दुपार कलल्यावर काम काढा, म्हणजे अंधार पडेपर्यंत माश्या पेटीत बसतात. तोंडावर जाळी, अंगात फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. सुकं शेण किंवा नारळाची शेंडी पेटवून हलका धूर द्या. धूर जास्त झाला की राणी आत खोल पळते आणि मग सापडत नाही.

तोंड हळूहळू मोठं करा आणि पोळी एकेक करून, कडेच्यापासून कापा. मधाचं पोळं वेगळ्या भांड्यात झाकून ठेवा, ते पेटीत घालू नका. गळणारा मध मुंग्या आणि इतर मोहोळांच्या लुटारू माश्या बोलावतो. अंडी आणि पिल्लं असलेलं पोळं चौकटीच्या मापाने कापा, वरची बाजू वरच ठेवून चौकटीला लावा आणि केळीच्या सोपटाने किंवा जाड सुती दोऱ्याने बांधा. पोळं उलटं बांधलं तर घरांचा उतार उलटा होतो आणि माश्या ते स्वीकारत नाहीत. पिल्लांची पोळी मध्यभागी, एकमेकांना लागून ठेवा, म्हणजे त्यांची ऊब टिकते.

उरलेल्या माश्या ओंजळीने किंवा मऊ ब्रशने पेटीत उतरवा. राणी कुठे आहे हे माश्याच सांगतात: ती पेटीत गेली की दारावरच्या माश्या शेपटी वर करून पंख फडफडवतात आणि बाकीच्या आपोआप आत चालू लागतात. राणी बाहेर राहिली असेल तर माश्या पेटी सोडून तिच्याभोवती गुच्छ करतात. तो गुच्छ हलक्या हाताने पेटीत घ्या.

अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी हलवा. नवी जागा दोन किलोमीटरहून लांब असेल तर उत्तम. त्यापेक्षा जवळ नेली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात. दारावर राणीद्वार, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणारी जाळी, तीन-चार दिवस लावून ठेवा आणि रोज संध्याकाळी साखरेचा पाक द्या: एक भाग साखर, एक भाग उकळून गार केलेलं पाणी. चार-पाच दिवसांत माश्या पोळं चौकटीला चिकटवतात, मग दोरे काढून टाका. दारातून परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत जाऊ लागल्या की राणीद्वार काढा. पराग येतो आहे म्हणजे आत पिल्लांना खाऊ घालणं सुरू झालं आहे.

तपासणी आणि विभाजन

सातेरीला वारंवार उघडलेलं आवडत नाही. हंगामात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी पुरे. उघडलं की राणी शोधत बसू नका. घराच्या तळाशी उभं, केसासारखं बारीक पांढरं अंडं दिसलं, एका घरात एकच असलं, की राणी आहे आणि ठीक आहे. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी गेली आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. तेव्हा दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट लगेच द्या.

जंगल फुलायला लागलं की वसाहत फुटण्याची तयारी करते. पहिली खूण नरांची. सातेरीच्या नरांच्या बंद घरांवर टोपी असते आणि तिच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. मग पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं लोंबायला लागतात. हीच वेळ विभाजनाची. जुन्या राणीसह पिल्लांच्या दोन-तीन चौकटी, त्यावरच्या माश्या आणि थोडा मध-पराग नव्या पेटीत लांब न्या. जुन्या जागी एक धष्टपुष्ट, बंद झालेलं राणीघर ठेवा, बाकीची काढा. नवी राणी अंड्यापासून सुमारे सोळा दिवसांत बाहेर येते. मीलन होऊन अंडी दिसायला आणखी दोन आठवडे तरी द्या आणि तोवर ती पेटी हलवू नका.

विभाजन केलं नाही तर थवा सुटतो आणि तुमची निम्मी वसाहत डोंगरात जाते. जंगलाच्या दृष्टीने ते वाईट नाही. काही मधपाळ दरवर्षी एखादी पेटी मुद्दाम फुटू देतात, ढोल्या नांदत्या राहाव्यात म्हणून. मला ही पद्धत मनापासून पटते.

पाऊस: खरी परीक्षा

महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आठवडेच्या आठवडे माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडली तरी फूल धुतलेलं असतं. इथल्या बहुतेक वसाहती शत्रूने मरत नाहीत, पावसातल्या उपासमारीने उठून जातात किंवा संपतात. म्हणून पावसाळ्याची तयारी मे महिन्यातल्या मधकाढणीपासूनच होते: पेटीच्या खालच्या, पिल्लं वाढतात त्या पिलावा कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही.

पहिला वळीव झाला की वरची मधकोठी उतरवा. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या चौकटी काढा आणि आडफळी लावून जागा कमी करा. दार दोन-तीन माश्या एका वेळी जातील इतकं अरुंद करा. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येईल. वरून गवताचं किंवा पानांचं इरलं घाला. पत्र्यापेक्षा ते बरं, कारण पत्रा पावसात वाजतो आणि उघडीप पडली की तापतो.

आठवड्याला एकदा, पाऊस थांबलेला बघून तळफळी काढून खरवडा. तिथे साचलेल्या मेणाच्या भुशातच मेणकिडा वाढतो. पोळ्यात पांढरी जाळी दिसली तर तेवढा भाग कापून जाळा. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत द्या, एक थेंब बाहेर सांडू देऊ नका.

ज्यांना जमेल त्यांनी पावसाळ्यात पेट्या घाट उतरवून वाईच्या किंवा त्याहून पूर्वेच्या, कमी पावसाच्या गावात न्याव्यात. तिथे मका, बाजरी परागासाठी असते आणि पुढे कारळा, सूर्यफूल. वाहतूक रात्री, दार जाळीने बंद करून, चौकटी हलणार नाहीत अशा ठोकून. ज्याच्या शेतात पेट्या ठेवणार त्याच्याशी फवारणीबद्दल आधीच बोलून घ्या.

शत्रू आणि आजार

गांधीलमाशी दारात टपून बसते. जोमदार सातेरी तिला गराडा घालून, अंगाच्या उष्णतेने मारते. दुबळी वसाहत मात्र एका हंगामात उजाड होते. गांधीलमाशीचं घरटं शोधून काढणं आणि दार अरुंद ठेवणं, एवढंच आपल्या हातात. वेडा राघू आणि कोतवाल माश्या टिपतात, पण थव्याने आले नाहीत तर त्यांना हुसकायची गरज नाही.

खरी भीती थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य आजाराची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. पूर्ण वाढलेली अळी टोपी लागण्याआधीच डोकं वर उचलून, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. याला औषध नाही. आजारी पेटीची चौकट, मेण, पाक दुसऱ्या पेटीला देऊ नका, हत्यारं उकळत्या पाण्याने धुवा, राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवा आणि ज्या वसाहती यातून स्वतः सावरतात त्यांच्यापासूनच पुढचं विभाजन करा.

मध काढणं

चौकटीचा तीन चतुर्थांश भाग मेणाच्या टोपीने बंद झाला की मध पिकला. त्याआधी काढलेल्या मधात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार मधात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. घाटातल्या सातेरीच्या मधाला ही मर्यादा काठावरच असते, म्हणून घाई करू नका आणि पावसाळी हवेत काढणी टाळा.

फक्त मधकोठीतल्या चौकटी घ्या. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने टोप्या उतरवा, मधयंत्रात हलक्या गतीने फिरवा आणि रिकामी पोळी लगेच पेटीत परत द्या. पोळं वाचलं म्हणजे ते बांधायला लागणारा मध वाचला. मध स्टीलच्या भांड्यात गाळा, झाकून काही दिवस ठेवा, वर आलेला फेस काढा आणि काचेच्या बाटल्यांत भरा. उकळू नका. जांभूळ, हिरडा, कारवी वेगवेगळे भरा आणि लेबलवर फुलाचं नाव, गाव, महिना लिहा. मध थिजला म्हणजे त्यात साखर आहे असं नसतं, आणि पाण्यात टाकून किंवा कापूस पेटवून केलेल्या घरगुती परीक्षा काहीच सिद्ध करत नाहीत. हे गिऱ्हाईकाला सांगायला लाजू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, हेही बाटलीवर लिहा.

महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण, पेट्यांसाठी 50 टक्के अनुदान आणि हमीभावाने मध खरेदी अशी सोय आहे. नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी.

आग्याचा मध काढणाऱ्यांसाठी

गावात आग्या मोहोळाचा मध काढणारी माणसं असतील, तर त्यांना थांबवण्यापेक्षा रीत बदलायला मदत करा. चूड पेटवून पोळं जाळलं की हजारो माश्या आणि सगळी पिल्लं मरतात. आग्या आपला मध पोळ्याच्या वरच्या एका बाजूला जाड गड्डी करून साठवते. संरक्षक कपडे घालून, थोड्या धुराने माश्या बाजूला सारून तेवढीच गड्डी कापली, तर पिल्लांचं पोळं राहतं, माश्या राहतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण हे गौण वनोपज म्हणून मोजले आहेत. सामूहिक हक्क मिळालेल्या गावाने काढणीचे नियम ग्रामसभेत ठरवावेत.

गावाने करायची कामं

फवारणी सूर्यास्तानंतर करायची आणि आदल्या दिवशी मधपाळांना कळवायचं, एवढा एक ठराव झाला तरी स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात पुष्कळ माश्या वाचतील. शेतकऱ्यालाही त्यात लाभ आहे; माशी फिरली नाही तर स्ट्रॉबेरीचं फळ वाकडं धरतं.

ढोली असलेली जुनी झाडं सरपणासाठी आधी तोडली जातात, कारण त्यांचं लाकूड इमारतीला चालत नाही. अशा झाडांची यादी करा, खोडावर चुन्याची खूण करा आणि ती न तोडण्याचं ठरवा. देवराईत ती आपोआप राखली जातात, गावठाण आणि मालकीच्या रानात ती राखावी लागतात. नवी लागवड करताना जांभूळ, हिरडा, गेळा, अंजन, पिसा लावा. शोभेची बरीच झाडं माशीच्या उपयोगाची नसतात.

आणि जाणत्या मधपाळांना पैसे देऊन शिकवायला बोलवा. फुकट बोलावलं की ते एक दिवस येतात, मानधन दिलं की पूर्ण हंगाम सोबत राहतात. त्यांच्याबरोबर रानात फिरताना झाडांची स्थानिक नावं, फुलण्याची खूण, माशी पाण्यावरून कोणत्या दिशेला उडाली यावरून ढोली शोधण्याची पद्धत, हे सगळं त्याच फुलोऱ्याच्या वहीत त्यांच्या शब्दांत उतरवा. वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा, आणि दर जूनमध्ये, पाऊस लागला की सगळ्या मधपाळांनी एकत्र बसून मागच्या वर्षीच्या नोंदी त्यात भराव्यात.